पडद्यामागचा ॲम्प्लिफायर

खुर्च्या बारा. स्पीकरची एकच जोडी, प्रत्येक स्पीकर माणसाच्या छातीला लागेल एवढा. काळा पडदा एक, त्यामागे ॲम्प्लिफायर दोन, आणि दोघांच्या मध्ये एकावरून दुसऱ्यावर जायला खटक्याची पेटी. भिंतीवरच्या तापमापकात अडुसष्ट अंश फॅरनहाइट. गॉर्डीच्या तळघरात बारा महिने तेवढेच असायचे. बायकोने हात लावू नये म्हणून त्याने हीटरच्या बटणावर चिकटपट्टीच लावून टाकली होती.

आर्लेनने हे सगळं दोनदा मोजलं. स्वस्थ बसवत नव्हतं.

"बस की एका जागी," गॉर्डी म्हणाला. "बोहल्यावर उभा असल्यासारखा काय घामेजतोयस?"

"माझा ॲम्प्लिफायर नीट तापलाय ना?"

"सकाळी आठला चालू केलाय तुझा लाडका. नुसती भट्टी झालीय. मागे डोकावू नकोस, हात भाजून घेशील."

डोकावायची मुभा नव्हतीच. डुलुथ गावच्या या ध्वनिप्रेमी मंडळाचा नियम होता: खटका फिरवणारा सोडून कुणी पडद्याआड जायचं नाही, आणि 'अ' कोणता, 'ब' कोणता, हे चिठ्ठ्या गोळा झाल्याशिवाय सांगायचं नाही. दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करायचा तोही त्यानेच. केसभर मोठा वाजणारा माणसाला जास्त गोड वाटतो, हे इथे सगळ्यांना पाठ होतं. एकवीस वर्षं हे काम गॉर्डीकडे होतं. दुसरं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आर्लेनच्या ॲम्प्लिफायरमध्ये चार व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे, पण मुठीएवढे. सात वर्षं त्याने तो घडवला होता. ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा हाताने गुंडाळली होती. व्हॉल्व्हची काच तीनशे अंशांपर्यंत तापायची. ती तपासायला, हात न लावता दुरूनच नेम धरून मोजणारा तापमापक त्याच्या खिशात कायम असे. बंद केल्यावरही ट्रान्सफॉर्मर दोन-दोन तास उबदार राही. हिवाळ्यात त्याचं मांजर तिथेच झोपायचं.

दुसरा ॲम्प्लिफायर ड्वेनचा. काळा, चपटा, व्हॉल्व्ह नसलेला.

स्पीकर सिग्ना ओलंडने बनवलेले होते. पुढच्या महिन्यात डेन्व्हरच्या प्रदर्शनात ती ते मांडणार होती, आणि त्यांच्या जोडीला एकच ॲम्प्लिफायर नेणार होती. ज्याचा नेईल त्याला तीस नगांचं काम.

"माझे स्पीकर नखरेल आहेत," ती खुर्चीवर बसत म्हणाली. "सगळ्यांशी पटत नाही त्यांचं."

"माझ्या पहिल्या बायकोसारखे," ड्वेन म्हणाला.

"तुझ्याशी पटलं नाही यात तिचा काय दोष?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा संपायच्या आत गॉर्डी पडद्याआड गेला.

दहा फेऱ्या झाल्या. तेच गाणं, तीच बाई, सोबतीला तंतुवाद्याचा खर्ज. 'अ'वर बाई दोन पावलं पुढे येऊन गायची. ओळ सुरू होण्याआधी तिने घेतलेला श्वास आर्लेनला स्पष्ट ऐकू आला. आपल्या घरी, आपल्या खुर्चीत बसून तो हा श्वास सात वर्षं ऐकत आला होता. 'ब'वर बाई दाराआड गेल्यासारखी वाटे. पाचव्या फेरीपर्यंत त्याला ड्वेनची कीव येऊ लागली.

चिठ्ठ्या गोळा झाल्या. 'अ'ला नऊ, 'ब'ला तीन.

"'अ' म्हणजे," गॉर्डी पडद्याबाहेर येऊन म्हणाला आणि जरा थांबला, "ड्वेनचा."

कुणी टाळी वाजवली नाही. सिग्ना चिठ्ठ्या चाळत होती. एक वाचून हसली.

"हे कुणी लिहिलंय? 'अ. श्वाससुद्धा ऐकू येतो. व्हॉल्व्हशिवाय हे शक्य नाही.'"

सगळे खळखळून हसले. मग आर्लेनने हात वर केला, आणि हसणं एकेक करून थांबलं.

"पुन्हा ऐकायचंय का तुम्हाला?" सिग्नाने हळूच विचारलं. "मला घाई नाही. हवं तर दुसऱ्या कुणाला खटक्यावर बसवू."

गॉर्डी मीटरची वायर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"नको," आर्लेन म्हणाला. "दुसरं कशाला? मी माझ्याच कानांनी ऐकलं. ड्वेनचाच न्या."

गॉर्डीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस, गड्या. वय झालं आपलं."

"सात वर्षं, गॉर्डी."

"माहितीये रे. मीच तर बघत होतो."

"मग काय गॉर्डी, गुरुवारी ठरल्याप्रमाणे?" ड्वेनने जिन्यावरून विचारलं.

"आधी वर जाऊन कॉफी घे," गॉर्डी म्हणाला. "बायकोने रूबार्बच्या वड्या केल्यात."

मंडळी वर गेली. बश्यांचे आवाज येऊ लागले. आर्लेन मागे राहिला. हा ॲम्प्लिफायर आता पुन्हा चालू करायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. सुटे भाग कुणी मागितले तर देऊन टाकायचे. त्याने पडदा बाजूला केला. खटक्याच्या पेटीच्या 'अ' आणि 'ब' दोन्ही तारा ड्वेनच्या ॲम्प्लिफायरलाच जोडलेल्या होत्या; गॉर्डीने आवराआवर सुरू केली असेल, असं त्याला वाटलं.

"ते राहू दे!" गॉर्डीचा आवाज जिन्यावरून आला, आणि मागोमाग त्याची पावलं. "गरम आहे अजून. उद्या मी आणून देतो."

"गरम आहे, ठाऊक आहे," आर्लेन म्हणाला. उचलण्याआधी तापमान बघायची सवय सात वर्षांची होती. हात आपोआप खिशाकडे गेला. त्याने पहिल्या व्हॉल्व्हवर नेम धरला, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावर. मग ट्रान्सफॉर्मरवर.

पाचही वेळा आकडा भिंतीवरच्या तापमापकाचाच आला. अडुसष्ट.