छापील फेऱ्या

सरांनी प्रबंध तिसऱ्यांदा परत केला. "तुम्ही आदिवासी जेवणाआधी झाडाला तीन फेऱ्या मारता, ते यात कुठाय?" "नाही मारत, सर. माझंच गाव आहे." "तुमच्या गावात अभ्यासाला राहून गेलेल्या मोठ्या साहेबांच्या ग्रंथात छापलंय. तिथल्याच एका म्हातारीने त्यांना सांगितलंय." जमातीतली पहिली पीएचडी व्हायला निघालेली मुलगी जिन्यात बसली. तिने आजीला फोन लावला. "ती म्हातारी मीच गं!" आजी खुदखुदली. "घास घेतला की तो साहेब मेला प्रश्न विचारायचा. म्हटलं, आमच्यात आधी झाडाला तीन फेऱ्या मारतात, जा. तेवढ्यात जेवून घेतलं." "मारल्या त्याने?" "तिन्ही! चुकलं का माझं?" प्रबंध द्यायची मुदत आज पाचला संपत होती. मुलीने उसासा टाकला आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर फेऱ्या लिहून टाकल्या. "नाही गं, आजी. फक्त आजपासून जेवणाआधी तेवढ्या मारत जा. मला खोटं लिहायचं नाहीये."