प्रोजेक्ट तयार होईपर्यंत

यशू झाल्यापासूनचा माझा पहिलाच इंटरव्ह्यू होता, तोही घरून, व्हिडिओ कॉलवर. मधली दोन वर्षं रिकामी दिसली की बाकीच्या कंपन्या पुढे बोलतच नव्हत्या. लातूरच्या नाझनीन मॅडमनी निदान काम तरी दिलं: त्यांच्या टेम्प्लेटवरून बिल्ड टूलनं एक नवा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट उभा करायचा. कमांड एकच होती, पण तिच्यामागे ढीगभर फाइली नेटवरून उतरायच्या होत्या, आणि आमच्या नांदेडच्या गल्लीतलं नेट म्हणजे काय सांगावं.

आतल्या खोलीत यशूनं भोकाड पसरलं होतं. "अगं, लेकरू लई रडून राहिलंय! झालं का न्हाई तुझं?" सासूबाई ओरडल्या. मॅडमनी ते ऐकलंच.

"स्क्रीनवरून नजर हलवू नका," त्या म्हणाल्या. "मध्येच एरर आली तर तुम्ही काय करता, तेच मला बघायचंय."

मी जांभई गिळून मान हलवली. आणि एकाएकी यशू गप्प झाली.

"चला, शांत झालं बाळ. आता निवांत बघा."

"मॅडम, शांत झालं म्हणूनच जाऊन येते," म्हणत मी उठलेसुद्धा. नोकरी गेली, हे दारातच कळलं होतं.

सासूबाई भिंतीला टेकून घोरत होत्या आणि यशूनं त्यांची मिश्रीची डबी उघडली होती. तिची बोटं पदराला पुसून, तिला कडेवर घेऊन मी धावत परत आले.


प्रोजेक्ट तयार होऊन बसला होता, मॅडमची खुर्ची रिकामी होती, आणि तिकडून त्यांचाच आवाज येत होता, "हारिस, मूँ खोल! क्या खाया, बोल!"