दोनशे तेरावी

प्रल्हाद तांडेल पाहुण्यांना पाण्याखालचे चष्मे वाटत होता, तेवढ्यात जेटीवरच्या फलकावरचा आकडा २१२ वरून २१३ झाला. बोट तर आली नव्हती.

बेटाभोवतीच्या प्रवाळाला पाहुणे धरून २१२ माणसंच सोसायची. ज्या घरामुळे आकडा वाढला, त्या घरातल्या एकाने त्याच दिवशी बेट सोडायचं. पोटच्या पोरालाही सूट नाही. हा ठराव ग्रामसभेत प्रल्हादनेच मांडला होता. बाळ मोजलं जायचं ते नाव नोंदल्यावर. म्हणून दीड महिना उलटला तरी त्याने लेकीचं बारसं केलं नव्हतं.

"मी नोंदवून आले," त्याच्याकडे उतरलेल्या कर्णिक मॅडम हसत म्हणाल्या. "प्रवाळी. लेकरू किती दिवस बिननावाचं ठेवणार हो? माझ्याकडून भेट."

"तुम्ही कधी निघताय?"

"रविवारी. का?"

"सहज विचारलं."

पाहुण्यांचं बुकिंग मोडता येत नव्हतं. सुलभा बाळाला पाजत होती. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही जावा. जागा झाली की या."

परतणाऱ्यांच्या यादीत चाळीस जण आधीच होते.

दुपारच्या बोटीने प्रल्हाद निघाला. फलक २१२ वर आला. आकडा जुळला की घंटा व्हायची आणि मगच पाहुणे पाण्यात उतरायचे. घंटेचं काम त्याचं होतं. आज सुलभाने बाळ डाव्या खांद्यावर घेतलं आणि दोर ओढला.

किनाऱ्यावर पाहुण्यांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या.