चुंबक थांबलेलं असताना

परळच्या कॉलेजमध्ये क्षितिजाने विज्ञान प्रदर्शनासाठी हाताने फिरवायचा छोटा जनरेटर बनवला होता. परीक्षणाच्या वेळी लॅबमधल्या लोखंडी टेबलावर ठेवलेल्या त्या मॉडेलचं चुंबक थांबलेलं असतानाही मीटरवर आकडा दिसत राहिला आणि फिजिक्सचे गुप्ते सर सगळ्या वर्गासमोर तिच्यावर घसरले.

"आत बॅटरी लपवलीस ना? चीटिंग करून बक्षीस पाहिजे?"

क्षितिजाची कानशिलं तापली. तिने तिथल्या तिथे स्क्रू काढून मॉडेल उघडून दाखवलं. आत तारेचं वेटोळं आणि चुंबक, बाकी काही नव्हतं. मग तिने ते उचलून लाकडी स्टुलावर ठेवलं, तर मीटर शून्यावर आला. परत लोखंडी टेबलावर ठेवलं, तर आकडा पुन्हा चढला. तिने टेबलाच्या कडेला टेस्टर टेकवला, तसा त्यातला दिवा लागला.

"सर, करंट या टेबलात येतोय."

"काहीही बोलू नकोस. उचल तुझं सामान."

"मग टेबलावर हात ठेवून सांगा ना, सर, की मी खोटं बोलतेय."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," क्षितिजाचा आवाज चढला.

 

"मग लॅब साफ करणाऱ्या शांतामावशी दिवाळीआधी हेच टेबल ओल्या फडक्याने पुसता पुसता गेल्या, तेव्हा हार्ट अटॅक आला म्हणून आम्हाला तुम्हीच सांगितलंत ना?"