शेजारची तेलविहीर

"बाबा, आमच्या विहिरीनं आज सगळे उच्चांक मोडले!" मुलगा हेल्मेट न काढताच घरात शिरला.

बाबा बूट काढत होते. त्याच खडकातून तेल ओढणारी त्यांची विहीर मुलाच्या विहिरीपासून दीडशे पावलांवर. मुलाची विहीर सुरू झाली आणि बाबांच्या विहिरीचा दाब उतरत गेला; आज साहेबांनी ती कायमची बंद करायला लावली.

"तोंडचा घास पळवला तो पोटच्या पोरानं, परक्यानं नाही. तेवढंच समाधान."

"खडकात तेल रग्गड आहे, बाबा."

"असेल. तुझ्या विहिरीपलीकडे आज मोजणीवाले खुंट्या ठोकून गेले."

"कुंपण घालत असतील."

"तुझ्या विहिरीच्या खुंट्या ठोकल्या, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो."