बाबांची शुगर

बायोसेन्सरचा ऑनलाइन कोर्स करणाऱ्या लेकीने पहिला प्रयोग घरातच केला. बाबांच्या दंडावर तिने शुगर मोजणारा सेन्सर बसवला. शुगर जरा इकडची तिकडे झाली, की तिचा मोबाइल कोकलायचा आणि ती चालू लेक्चर टाकून बाबांच्या खोलीकडे धावायची.

पुढे सेन्सर बदलायची वेळ आली, तेव्हा "एवढं मला जमतं, तू आपलं शिक," म्हणत बाबांनी नवा स्वतःच लावायला घेतला. त्यानंतर मोबाइलने कधी हूं की चूं केलं नाही. आलेख इतका सरळ यायचा, की सरांनी तो अख्ख्या वर्गाला दाखवून तिची पाठ थोपटली.

काल बाबा झोपेतच गेले. शुगर फार खाली गेली होती, असं डॉक्टर म्हणाले. आज सगळं उरकून घरी आल्यावर तिने सवयीने मोबाइल उघडला. बाबांची शुगर आत्ता, या मिनिटाला, अगदी नॉर्मल होती. तिने मोबाइल आईपुढे धरला.

शेजारी बसलेल्या आईने बाही वर सारली.



"तुझा अभ्यास सारखा बुडायचा ना, म्हणून ह्यांनी तो माझ्याच दंडाला चिकटवला होता."