शेगडीवरचं टोक

थेल्मानं शेडमधली ओल्या शेवाळाची गुंडाळी सोडली. आत काहीच नव्हतं.

बाहेर डेन्टन थांबला होता. वॉलरसच्या जुन्या सुळ्यांच्या वस्तू बेटावरून न्यायच्या आणि शहरात काचेच्या कपाटांत मांडायच्या, हा त्याचा धंदा. या खेपेला बदल्यात द्यायला त्यानं विमानातून होडीची नवीकोरी मोटर आणली होती.

सगळा उन्हाळा थेल्मा पूर्वजांच्या पडक्या वस्तीत गोठलेली माती उकरत होती. गुडघ्यांचं पार भुसकट झालं, तेव्हा कुठे भाल्याचं एक टोक हाती लागलं. सुळ्याचंच, कोऱ्या चहाच्या रंगाचं, अखंड. त्यावर तीन रेघा नि एक टिंब. तिच्या सासरची खूण. शिकार कुणाची ते कळावं म्हणून घरातले पुरुष आजही भाल्यावर तीच कोरतात. ते द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं, नाही असं नाही. पण वेस्लीची मोटर भर समुद्रात बंद पडते. मेलेल्यांची खूण गेली तर गेली, पोरगा तरी घरी येईल.

ओलं राहावं म्हणून शेवाळात गुंडाळलेलं ते टोक सापडलं स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या फळीवर. उभं चिरून दोन तुकडे झालेलं.

ओला सुळा ऊब लागली की तडकतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चाळीस वर्षं खणणाऱ्या बाईच्या घरात असं कसं झालं, याचं डेन्टनला नवल वाटलं. तुकडे ठेवून, मोटर घेऊन तो आल्या वाटेनं परत गेला.

वेस्ली कोपऱ्यात बसून आपल्या भाल्याला दोर गुंडाळत होता. मान वर करेना.

"तू ठेवलंस," थेल्मा म्हणाली.

"हो." दोराची गाठ आवळत तो म्हणाला, "आपली खूण आहे, आई. ती काय काचेआड ठेवून लोकांना दाखवायची?"

तिला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण ती खुर्चीत टेकली.

"आणि मोटर?"

"वल्ही आहेत की."

थेल्मानं दोन्ही तुकडे हातात घेऊन जुळवून पाहिले. रेघा जुळल्या, मधे केसाएवढी फट राहिली.

"तुझे वडीलही शेवटचे समुद्रावर जाताना हेच म्हणाले होते," ती म्हणाली.